धाबळी नेसलेला बंब

आत्याने ती गोधडी चिमट्याने उचलली. हाताने उचलली असती तर तिला पुन्हा स्नान करावे लागले असते. न्हाणीच्या दारातून तिने ती अंगणात भिरकावली, चिमटा राखेने घासून धुतला आणि मग अगदी शांतपणे वाकून बंबाची तोटी पुरती सोडली. कढत पाण्याचा लोट फरशीवरून मोरीकडे धावला. न्हाणी वाफेने भरून गेली आणि त्या वाफेत आत्या दिसेनाशी झाली. ऐकू मात्र स्वच्छ येत होती.

"अंथरुणातली गोधडी! जिच्यावर पोर मुतते ती! आणि ती गुंडाळायची कशाला, तर ज्या पाण्याने माझा भाऊ देवपूजेचं स्नान करणार त्या बंबाला!"

वेणूवहिनी तेल चोपडलेल्या तान्हीला पायांवर घेऊन दाराबाहेरच पाटावर बसली होती. तिने अंगणात मातीत पडलेल्या गोधडीकडे पाहिले, मग मोरीत चाललेल्या पाण्याकडे.

"अहो आत्याबाई, सगळं का सोडलंत? मुलीच्या अंगाला तेल लागलंय. आता तिला काय थंड पाण्याने न्हाऊ घालू?"

"ते गोधडी गुंडाळताना सुचायला हवं होतं."

"पाणी कढत राहावं म्हणून गुंडाळली. विस्तव केव्हाच विझलाय. तरी बघा, अजून वाफा येताहेत."

"मी वरून हात धरून पाहिला होता. जराही ऊब नव्हती. निवलेलं होतं पाणी."

"बाहेर ऊब लागत नाही, म्हणूनच ती आत राहते, आत्याबाई."

"शिकव! मलाच शिकव! तुझा जन्म व्हायच्या आधीपासून हा बंब पेटवतेय मी."

माझे वडील, आप्पा, हातात पंचा घेऊन ओसरीवर उभे होते. वेदमूर्ती म्हणून पंचक्रोशीत त्यांचा मान होता. घरातील या दोन स्त्रियांमध्ये मात्र त्यांची वाणी कधी उमटत नसे. त्यांनी डोळे मिटून देवाचे नाव घेतले आणि सांध्यांत कळा असतानाही ते विहिरीवर गार पाण्याने स्नानाला निघून गेले. मी रुद्राची संथा घेत होतो. माझा स्वर मध्येच तुटला, तो त्या सकाळी पुन्हा लागला नाही.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. आम्ही तेव्हा वाईच्या अलीकडे कृष्णाकाठी, देवस्थानाने आप्पांना दिलेल्या तीन खोल्यांच्या कौलारू घरात राहत होतो. आई मी लहान असतानाच निवर्तली होती. श्रीधरदादा नोकरीसाठी दूर भुसावळला होता. त्याला तेथे बिऱ्हाड मिळेपर्यंत वहिनी आणि तान्ही आमच्याकडे होत्या. आणि होती गोदूआत्या. आप्पांची थोरली बहीण. बालपणीच वैधव्य आले, सासरच्यांनी दार लावले आणि ती भावाकडे आली, ती कायमची.

आत्या आली तेव्हा तिने आप्पांकडून एकच काम मागून घेतले होते. बंबाचे. तांब्याचा तो बंब उंचीने माझ्या खांद्याला येई. मधून धुराचे नळकांडे, खाली जाळी, जाळीखाली राख. पहाटे उठून स्नान करून, सोवळ्याची धाबळी नेसून आत्या पाणी शेंदी, बंब भरी, पेटवी. मग दुपारपर्यंत तिच्या फेऱ्या सुरू असत. आप्पांच्या स्नानाला पाणी, संथेला येणाऱ्या शिष्यांना हातपाय धुवायला पाणी, नैवेद्याच्या भांड्यांना पाणी. कोणी मागो न मागो, पाणी कढत असलेच पाहिजे. ते जरा निवले की आत्या दोन ढलप्या सारी. चिंच आणि राख लावून ती बंब असा घाशी की त्यात तोंड दिसावे. बंबाला कोणी हात लावलेला तिला खपत नसे. "ज्या दिवशी या बंबाला दुसरा हात लागेल, त्या दिवशी गोदी या घरातून गेली म्हणून समजा," असे ती म्हणे, आणि ती बोलेल ते करील याविषयी कोणालाही संशय नव्हता.

त्या वर्षी पौषात थंडी विलक्षण पडली होती, आणि नेमके त्याच वर्षी देवस्थानाच्या राईतून मिळणारे सरपण थांबले. वठलेली झाडे संपली होती आणि हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावू देतील असे विश्वस्त नव्हते. घरामागची लाकडांची रास पाहता पाहता खाली बसत चालली होती.

वहिनी माणदेशातली. तेथे जळण पाण्याइतकेच दुर्मीळ. तिच्या माहेरी भाताचे पातेले एक उकळी आली की उतरवून भुसा भरलेल्या टोपलीत पुरून ठेवीत. भात आपल्याच उष्णतेने शिजे. अशा घरातून आलेल्या मुलीला आत्याचा बंब रिकाम्या न्हाणीत नुसताच खदखदत असलेला पाहवत नसे.

गोधडीच्या प्रकरणानंतर युद्ध उघड झाले. विस्तव विझला की नळकांड्यातून गार वारा वर चढतो आणि आतून पाणी निववतो, हे वहिनीच्या ध्यानात आले होते. म्हणून ती नळकांड्याच्या तोंडावर जुना तवा पालथा ठेवी. आत्या तो काढून अंगणात फेकी. वहिनी तो घासूनपुसून पुन्हा ठेवी. तव्याच्या आदळण्यावरून घरात कोणाची सरशी चालली आहे ते मला पाठ म्हणता म्हणता कळत असे.

"देवाने तोंड दिलंय बंबाला, ते तू बंद करतेस?" आत्या विचारी.

"तोंड उघडं ठेवलं की ऊब जाते, आत्याबाई. माणसांचंही तसंच आहे."

"अच्युता, ऐकलंस? ऐकलंस ही मला काय म्हणाली ते?"

मी पोथीत डोके घालून बसे.

"तुझ्या माणदेशात अंघोळी तरी करतात का गं?" आत्या दुसऱ्या बाजूने हल्ला करी.

"करतात. इथल्या एका अंघोळीच्या पाण्यात आमचं सगळं घर न्हातं."

"म्हणूनच मुलगी सावळी निघाली."

हे मात्र वहिनीला लागले. तिने तान्हीला उचलले आणि ती आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि आत्याने ताट झाकून ठेवले नाही.

शेवटी एका सकाळी आप्पा स्वतः घरामागे जाऊन रास पाहून आले. जेवणे व्हायची होती. सोवळ्यातील आत्या नैवेद्याचे पान मांडत होती.

"अक्का," आप्पा म्हणाले, "लाकूड शिवरात्रीपर्यंत पुरायचं नाही. उद्यापासून बंब दिवसातून एकदाच पेटेल. तेवढ्यातच काय ते भागवायचं."

"एकदाच? आणि शिष्यांना? आणि दुपारच्या भांड्यांना? पाणी तासाभरात निवतं, नारायणा."

"गुंडाळलं तर निवत नाही, मामंजी," वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआडून म्हणाली.

"गुंडाळणार काय? पुन्हा गोधडी?"

"धुतलेली गोधडी."

"धुतली तरी अंथरूणच ते! नारायणा, तू सांग. त्या पाण्याने तू देवाला शिवशील?"

आप्पांनी मान हलवली. तो प्रश्न त्यांच्या प्रांतातला होता आणि तेथे ते कोणाचीही भीड ठेवीत नसत. "नाही. ते ओवळं होईल. अक्काचं म्हणणं बरोबर आहे."

आत्याचा चेहरा उजळला. वहिनीने माझ्याकडे वळून अगदी सहज विचारले, "भाऊजी, तुम्ही शास्त्र शिकताय. मग शिवल्याने ओवळं होत नाही, असं वस्त्र तरी कोणतं?"

मी आप्पांकडे पाहिले. त्यांनी बोटाने 'सांग' अशी खूण केली. त्यांना परीक्षा घेण्याची संधी सोडवत नसे.

"रेशीम," मी म्हणालो. "आणि लोकर. लोकरीला नुसता वारा लागला तरी ती शुद्ध होते."

"साधु," आप्पा म्हणाले. "लोकर बंबाला चालेल. त्याला शास्त्राचा काहीही प्रत्यवाय नाही."

पुढे बोलण्याची गरजच उरली नव्हती. घरातले रेशीम म्हणजे आप्पांचा एकच मुकटा, जाळीसारखा विरलेला. आणि घरातली लोकर त्या क्षणी आमच्यासमोर पानात मीठ वाढत उभी होती. जाड, मातकट, खरबरीत धाबळी. ती नेसली की आत्या घरातल्या सगळ्यांहून उंच होई. तिला कोणी शिवू शकत नसे, तिच्या वाटेत कोणी येऊ शकत नसे; आप्पासुद्धा अंग चोरून बाजूला होत. विधवेला जगाने जे जे नाकारले होते, ते सारे त्या एका वस्त्रात तिला सकाळपासून दुपारपर्यंत परत मिळत असे.

आम्ही तिघेही तिच्याकडे पाहत होतो. आत्याच्या हातातले मीठ पानात पडण्याऐवजी पाटावर सांडले.

"बघताय काय?" ती म्हणाली. "सोडून देऊ? आत्ताच देऊ? इथेच?"

"अक्का, तसं कोणी म्हटलं नाही."

"तू म्हणाला नाहीस. शास्त्र म्हणालं. तुझ्या पोराने सांगितलं आणि तुझ्या सुनेने विचारलं. छान घर जमलंय!" ती वहिनीकडे वळली. "मोठी काटकसरी गं तू! लाकूड वाचवतेस ना? वाचव. खूप वाचव."

"आत्याबाई, एकच धाबळी आहे हे मला ठाऊक आहे. यांना लिहून दुसरी मागवू."

"नको. तुझ्या नवऱ्याची भीक नको मला."

ती दुपारी जेवली नाही. संध्याकाळी पडवीत एकटी बसून काहीतरी शिवत होती. मी जवळून गेलो तर तिने पाठ केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही उठलो तेव्हा बंबाने धाबळी नेसली होती. शोभेल अशीच नेसली होती. कडा दुमडून टाके घातलेले, तोटीसाठी नेमकी फट ठेवलेली, खालची जाळी मोकळी आणि वर सुतळीच्या दोन गाठी. विस्तव विझून निखाऱ्यांवर राख चढली होती. नळकांड्याच्या तोंडावर वहिनीचा तवा पालथा घातलेला होता.

वहिनी ते पाहून थबकली. मग मला म्हणाली, "बघा भाऊजी, मनात आणलं की करतात. पण आधी चार माणसांत मला फाडून खायचं."

आप्पांनी कढत पाण्याने स्नान केले. पूजा झाली. शिष्य आले, त्यांना पाणी मिळाले. तान्ही न्हाली, धुरी घेऊन झोपली. ऊन अंगणात आले आणि तोटीतून अजून वाफाळलेले पाणी येत होते. वहिनीच्या चेहऱ्यावर विजय होता आणि तो ती लपवीत नव्हती. घर त्या दिवशी कसे सुरळीत चालले होते. न धूर, न तव्याचा आवाज, न बोलणे.

नैवेद्याची वेळ झाली तेव्हा आप्पांनी हाक मारली, "अक्का!"

उत्तर आले नाही. मी न्हाणीत पाहिले, पडवीत पाहिले, विहिरीवर पाहिले. आत्याच्या वळकटीच्या जागी मोकळी भिंत होती. खुंटीवरचे तिचे लुगडे नव्हते. बाळकृष्णाची तिची मूर्ती देव्हाऱ्यातून उचललेली होती, आणि तिच्या जागी तुळशीचे एक पान ठेवलेले होते.

"केव्हा गेली?" आप्पांनी विचारले.

आम्हांला कोणालाही सांगता येईना. वहिनी न्हाणीच्या दारात उभी होती. तिने बंबाकडे पाहिले, मग त्या भिंतीकडे. तिच्या चेहऱ्यावरचा विजय पुसला जाताना मी पाहिला.

"रोज घटकाभर जरी दूर गेल्या," ती हळूच म्हणाली, "तरी पाणी निवायचं. लगेच कळायचं आपल्याला." आणि एकदम तान्हीला कडेवर घेऊन, "भाऊजी, चला," म्हणून ती वहाणाही न घालता बाहेर पडली.

फाट्यावर चिंचेखाली मोटारीची वाट पाहत आत्या बसली होती. वळकटीवर हात, डोक्यावर पदर. ऐन सोवळ्याच्या वेळी मी तिला साध्या लुगड्यात प्रथमच पाहत होतो. ती फार लहान दिसत होती. शेजारून जाणाऱ्या बायका तिला सहज धक्का लागू देत होत्या.

वहिनी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात जोडील, पाया पडेल असे मला वाटले. तिने तसे काही केले नाही.

"कुठं निघालात?"

"मिरजेला. धाकट्या भावाकडे."

"त्यांच्याकडे बंब आहे?"

"नाही. विजेची कांडी आहे. पाण्यात सोडतात."

"मग तिथे तुम्ही काय करणार?"

आत्या रस्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आणि इथे काय करू? आता ते आपोआप राहतं की गरम. तुझ्या अकलेने." तिचा आवाज एकदम चढला. "त्याला माझी गरज लागत होती गं! लाकडं जळत होती तोवर घराला मी लागत होते. ते तू बंद केलंस!"

मोटारीची धूळ दूर वळणावर दिसू लागली. तान्ही रडू लागली. वहिनीने तिला या कडेवरून त्या कडेवर घेतले.

"गरम राहतं," ती म्हणाली. "पेटत नाही आपोआप."

"तू पेटव."

"मला येत नाही. मी ओली लाकडं आधी घालीन. घरभर धूर करीन. लवकर पेटावं म्हणून रॉकेल ओतीन."

"रॉकेल?" आत्याने मान वळवली. "देवाच्या पाण्याखाली रॉकेल?"

"मग दुसरं काय? आणि तुमचा तो बंब घासायलाही मला वेळ नाही. आता झाकलेलाच आहे, आतून हिरवा पडला तरी कोणाला दिसतोय?"

"मेले, हिरवा पडला तर विष होईल! पोरीच्या पोटात जाईल!"

"तुमची कुठे आहे पोर? सावळी आहे ना ती!"

मोटार येऊन थांबली. वाहकाने दार उघडले. "आजी, चढताय का?"

आत्या उठली. तिने वळकटी उचलली. ती पायरीकडे गेली, आणि तिथे उभी राहून, वहिनीकडे नव्हे, माझ्याकडे पाहून म्हणाली, "गाठ सुटली असेल. ही हात लावल्याशिवाय राहिली नसेल. सुतळीच्या गाठी हिला कुठल्या यायला?"

"आजी, चढा नाहीतर उतरा!"

"चढलेय कुठे मी? ओरडतोस काय?"

मोटार गेली. परतीच्या वाटेवर त्या दोघी माझ्या पुढे चालत होत्या आणि घर येईपर्यंत भांडत होत्या. रॉकेलवरून, तव्यावरून, मुलीच्या रंगावरून. वळकटी मात्र वहिनीने आत्याच्या हातातून केव्हा घेतली, ते मला दिसले नाही.

घरी पोचताच आत्या तशीच न्हाणीत गेली. सोवळ्यात नव्हती, म्हणून हात न लावता लांबूनच तिने धाबळीच्या गाठी पाहिल्या. त्या जशाच्या तशा होत्या. तिला ते आवडले नाही.

पुढे श्रीधरदादाने नवी धाबळी पाठवली. ती टोचते म्हणून आत्याने वर्षभर तक्रार केली आणि वर्षभर नेसली. बंब पहाटे एकदाच पेटे, आणि तो आत्याच पेटवी. विस्तव विझला की वर तवा वहिनी ठेवी. तो वाकडा ठेवला म्हणून आत्या सरळ करी. पुढच्या पावसाळ्यात भुसावळला बिऱ्हाड मिळाले, पण वहिनी गेली नाही. मुलीला तिकडचा उन्हाळा सोसणार नाही, असे तिने दादाला कळवले. आत्या सगळ्यांना सांगत असे की, ही सून माझ्या छळासाठीच मागे राहिली.

त्यानंतर आत्या पुष्कळ जगली. वहिनीशी ती एकदाही गोड बोलल्याचे मला आठवत नाही. अखेरच्या हिवाळ्यात तिचे पाय गेले. तेव्हा वहिनी तिला उचलून न्हाणीत नेई, पाटावर बसवून न्हाऊ घाली, आणि आत्या पाटावर बसून पाणी फार कढत आहे, फार गार आहे, फार थोडे आहे, असे सांगत राही.

एकदा शेजारच्या भागीरथीकाकू समाचाराला आल्या होत्या. त्यांनी हे सारे ऐकले. आत्याला पुसून आत निजवून वहिनी न्हाणीत परतली, तेव्हा त्या दारातच टेकून उभ्या होत्या.

"धन्य आहे गं तुझी, वेणू. उभा जन्म या बाईने तुला एक उबेचा शब्द दिला नाही. दगड आहे, दगड." बोलता बोलता त्यांनी हात बंबावर टेकला, विटलेल्या, ठिगळे लावलेल्या त्या जुन्या धाबळीवर. "आणि हा काय, गारच आहे की. पेटवायचा राहिला वाटतं आज?"

वहिनीने खाली वाकून तोटी सोडली. काकूंनी हात चटकन मागे घेतला, आणि न्हाणी वाफेने भरून गेली.